रिमोट स्टार्टर (मॅन्युअल गिअरची मोटार)

रिमोट स्टार्टर म्हणजे मोटारीत न बसता, दूरवरून रेडिओ-संदेश पाठवून तिचे इंजिन सुरू करणारी विद्युत यंत्रणा होय. कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग अशा कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत ती विशेष प्रचलित आहे. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी इंजिन व गाडीचा अंतर्भाग गरम करणे आणि काचांवरील हिम वितळवणे हा तिचा मुख्य उपयोग. उष्ण प्रदेशांत तीच यंत्रणा गाडी आधीच थंड करण्यासाठी वापरली जाते. ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत रिमोट स्टार्टर बसवणे तुलनेने सोपे असते. मॅन्युअल गिअरच्या मोटारीत मात्र गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला, तर ती चालकाविना जागची हलते. या एका अडचणीमुळे अशा गाडीतील यंत्रणेची रचना, तिची वायरिंग आणि वापराची शिस्त ही तिन्ही वेगळी ठरतात.

मराठीत या उपकरणाला रूढ प्रतिशब्द नाही. ‘दूरारंभक’ यासारखे शब्द घडवता येतात, पण ते कोणत्याही गॅरेजात कळणार नाहीत. स्टार्टर मोटरला मात्र महाराष्ट्रातील चालक व मेकॅनिक ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टार्टर’ या इंग्रजी शब्दाचे ते शेपूट तुटलेले रूप असून ‘सेल्फ मारणे’ हा वाक्प्रयोग बोलीत पक्का रुजला आहे.

पार्श्वभूमी

विजेचा स्टार्टर येण्यापूर्वी मोटार पुढील बाजूस हँडल मारून सुरू करावी लागे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर ती येई. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या मोटारीत तर थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहत आणि गाडी गिअरमध्ये नसतानाही पुढे सरकू पाही. म्हणून तिचे मालक मागील एक चाक जॅकवर उचलून मगच हँडल मारीत. रिमोट स्टार्टरबाबत आज सांगितला जाणारा धोका असा मोटारीइतकाच जुना आहे.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसवला गेला. त्यामुळे इंजिन सुरू करणारा माणूस गाडीच्या पुढून उठून चालकाच्या आसनावर आला. ब्रेक, क्लच आणि गिअरचा दांडा त्याच्या हातापायांशी आले. रिमोट स्टार्टरने याच माणसाला पुन्हा गाडीबाहेर नेले. सुरुवातीस अशा यंत्रणा बाहेरील दुकानांतून बसवून घेतल्या जात. जनरल मोटर्सने २००४ सालच्या शेव्हरोले मालिबू मोटारीपासून ती कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. मॅन्युअल गाड्यांचे मालक मात्र बराच काळ बाहेरील जोडणीवरच अवलंबून राहिले.

मूळ अडचण

ऑटोमॅटिक मोटारीत गिअरचा दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’ या स्थितीत असल्याशिवाय स्टार्टरला वीज पोहोचत नाही. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांनी ही अट ऑटोमॅटिक गाड्यांना बंधनकारक केली आहे. ‘पार्क’मध्ये गिअरपेटीचा बाहेर जाणारा दांडा यांत्रिक खिट्टीने अडकलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू झाले तरी गाडी हलत नाही. मॅन्युअल मोटारीत ‘पार्क’ अशी स्थितीच नसते. न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी असते आणि गिअरमध्ये ती इंजिनाला जखडलेली असते. यांच्या मधली, सुरक्षित व स्थिर अशी तिसरी अवस्था यंत्रात उपलब्ध नाही.

गिअरमध्ये असलेली गाडी स्टार्टरने किती हलते, याचा साधा हिशेब करता येतो. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि डिफरन्शियलचे ४ धरले, तर इंजिनाच्या १४ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला सुमारे २०० फेरे देतो. चाकाचा घेर १.८ मीटर असेल, तर गाडी ताशी दीड किलोमीटर वेगाने सरकते. रेल्वेच्या फाटकात बंद पडलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून नुसत्या सेल्फवर रुळांबाहेर काढण्याची जुन्या चालकांची युक्ती याच तत्त्वावर चालते. इतकेच घडले असते, तर गोष्ट एखाद्या धक्क्यावर निभावली असती. परंतु इंजिन पेटले की ते मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास चालू लागते आणि त्याच हिशेबाने गाडीचा वेग ताशी सुमारे ७ किलोमीटर होतो, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून अधिक. इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे असलेली आधुनिक इंजिने भार वाढताच इंधन वाढवून आपले फेरे टिकवून धरतात. त्यामुळे गाडी आपोआप बंद पडेल, असा भरवसा धरता येत नाही. मालक तेव्हा स्वयंपाकघरात असतो आणि गाडीपुढे भिंत आहे, दुसरी गाडी आहे की अंगणात खेळणारे मूल आहे, हे त्याला दिसत नसते.

इग्निशनची जोडणी

रिमोट स्टार्टर हा मुख्यतः किल्लीची नक्कल करणारा रिलेंचा संच आहे. किल्ली फिरवल्यावर इग्निशन स्विच ज्या तारांना ज्या क्रमाने वीज देतो, त्याच तारांना त्याच क्रमाने हा संच वीज देतो. स्विचमागे सामान्यतः चार प्रकारच्या तारा असतात. बॅटरीच्या तारेत नेहमी १२ व्होल्टचा दाब असतो. इग्निशनच्या तारेत किल्ली ‘ऑन’ असताना आणि सेल्फ फिरत असतानाही वीज राहते. ॲक्सेसरीच्या तारेवर पंखा, रेडिओ इत्यादी चालतात आणि सेल्फ फिरताना तिची वीज तेवढ्यापुरती तुटते. स्टार्टरच्या तारेत केवळ सेल्फ फिरवतानाच वीज येते. अनेक गाड्यांत इग्निशनच्या किंवा स्टार्टरच्या दोन-दोन तारा असतात; त्यांतील एक सोडून दिली, तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते किंवा मुळीच पेटत नाही.

जर्मन मानकानुसार आखलेल्या गाड्यांत या टोकांना क्रमांक असतात : बॅटरी ३०, इग्निशन १५, स्टार्टर ५० आणि अर्थ ३१. बाजारातील साध्या रिलेवरचे ८५, ८६, ८७ हे आकडे त्याच मानकातून आलेले आहेत. तारांचे रंग मात्र गाडीगणिक बदलतात. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही फरक आढळतो, म्हणून रंगावर विसंबून जोडणी करू नये. प्रत्येक तार मल्टिमीटरने, किल्लीच्या प्रत्येक स्थितीत तपासावी. बल्ब लावलेला टेस्टर या कामासाठी वर्ज्य मानला जातो. त्यातून वाहणारा प्रवाह संगणकाच्या नाजूक परिपथांना अपाय करू शकतो आणि चुकून एअरबॅगच्या तारेला लागल्यास एअरबॅग उडण्याचा धोका असतो. एअरबॅगच्या तारा व त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांना हात न लावणे हेच उत्तम.

स्टार्टर मोटरला लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह या संचातून जात नाही. तो बॅटरीतून जाड केबलने थेट मोटरकडे जातो. तरीही इग्निशन व ॲक्सेसरीच्या तारांतून पंखा आणि तापक यांचा बराच प्रवाह वाहतो. त्यामुळे बारीक तार, सैल पीळ किंवा चिमट्यासारखे झटपट जोड येथे टिकत नाहीत. असा जोड तापतो, त्याचे आवरण वितळते आणि पुढे गाडीच्या टपाखालीच आग लागण्याची शक्यता निर्माण होते. डाग देऊन पक्का केलेला अथवा योग्य हत्याराने दाबलेला जोड, त्यावर नीट आवरण आणि बॅटरीच्या प्रत्येक तारेत स्वतंत्र फ्यूज, असे हे काम असावे लागते.

इंजिन पेटले हेही संचाला कळावे लागते, अन्यथा तो चालू इंजिनावरही सेल्फ फिरवत राहतो आणि फ्लायव्हीलचे दाते खरवडले जातात. त्यासाठी इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टरच्या तारेवरील ठोक्यांवरून फेरे मोजतात, अथवा अल्टरनेटर सुरू झाल्यावर वाढणारा व्होल्टेज पाहतात. पहिली पद्धत अधिक भरवशाची आहे आणि मॅन्युअल गाडीत तीच वापरावी, असे जाणकार सांगतात. डिझेल गाडीत ग्लो-प्लग तापेपर्यंत थांबण्याची सोय निराळी करावी लागते.

क्लच-स्विच

अनेक मॅन्युअल मोटारींत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, कारण क्लचच्या पायदांडीवर एक स्विच असतो. जुन्या रचनेत स्टार्टरची तारच या स्विचमधून जाते; तेथे रिमोट स्टार्टरची जोडणी स्विचच्या पुढे, मोटरच्या बाजूस केली की क्लचची अट आपोआप टळते. नव्या रचनेत हा स्विच इंजिनाच्या संगणकाला केवळ ‘क्लच दाबला आहे’ असा संकेत देतो. तोच संकेत एका स्वतंत्र रिलेद्वारे, फक्त रिमोटने सेल्फ फिरत असेल तेवढ्या क्षणापुरता द्यावा लागतो.

याच ठिकाणी हातघाईने काम करणारे कारागीर स्विचच्या दोन तारा कायमच्या जोडून टाकतात. काम एका मिनिटात होते आणि रिमोटही चालतो. पण त्यानंतर किल्लीने गाडी सुरू करतानाही क्लचची अट उरत नाही, आणि गाडीच्या निर्मात्याने दिलेले संरक्षण कायमचे नाहीसे होते. अशी गाडी पुढे विकली गेली, तर नव्या मालकाला याचा पत्ताही नसतो. क्लच न दाबता सेल्फ फिरत असल्यामुळे थंडीत आणखी एक गोष्ट घडते : गिअरपेटीतील घट्ट तेल घुसळण्याचा थोडा भारही सेल्फवर पडतो. बॅटरी अशक्त असेल तर तो जाणवतो.

न्यूट्रलची खात्री

मॅन्युअल गाडीच्या रिमोट स्टार्टरचा खरा गाभा येथे आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे थेट सांगणारा सेन्सर सर्व गाड्यांत नसतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या मॅन्युअल गाड्यांत तो असतो. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच फक्त रिव्हर्सपुरते सांगतो. हँडब्रेकचा स्विच दांडा वर ओढला आहे एवढेच सांगतो, तो किती घट्ट ओढला आहे आणि ब्रेकने चाके धरली आहेत की नाही, हे त्याला ठाऊक नसते. बहुतेक गाड्यांत पहिल्या दात्यालाच डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो.

या अडचणीवर शोधलेला उपाय तर्कदृष्ट्या सुंदर आहे. गाडी थांबवताना चालक इंजिन चालूच ठेवतो, गिअर न्यूट्रलमध्ये आणतो, हँडब्रेक ओढतो, पायदांड्यांवरून पाय काढतो आणि रिमोटचे बटण दाबतो. आता इग्निशनचा ताबा संच घेतो. चालक किल्ली काढून घेतो, तरी इंजिन चालूच राहते. तो उतरतो, सर्व दारे लावतो आणि रिमोटने कुलूप घालतो. तेव्हा कुठे संच इंजिन बंद करतो आणि पुढच्या वेळी सुरू करण्याची परवानगी राखून ठेवतो. गाडी गिअरमध्ये असती, तर क्लचवरून पाय निघताच ती पुढे उडाली असती किंवा इंजिन बंद पडले असते. गाडीत कोणी नसताना इंजिन चालू आहे, याचाच अर्थ गिअर न्यूट्रलमध्ये आहे. न्यूट्रल ओळखणारा सेन्सर नसताना केवळ क्रमाच्या बंधनातून हा पुरावा मिळवला जातो.

इंजिन बंद झाल्यावर संच दारांवर पहारा ठेवतो. एखादे दार उघडले, तर कोणी आत जाऊन गिअर टाकला असण्याची शक्यता निर्माण होते, म्हणून राखून ठेवलेली परवानगी तत्काळ रद्द होते. बॉनेट उघडले, ब्रेक दाबला किंवा हँडब्रेक खाली केला, तरी तेच घडते. यासाठी प्रत्येक दाराचा, मागच्या झाकणाचा, बॉनेटचा, ब्रेकच्या दिव्याचा आणि हँडब्रेकचा संकेत संचाला जोडावा लागतो. पाच दारांच्या गाडीत डिकी केबिनशी एकच असते, त्यामुळे तिचा स्विच वगळणे ही गंभीर चूक ठरते. दाराचा संकेत छताच्या दिव्यावरून घेतल्यास वेगळाच घोळ होतो. दार लावल्यावर हळूहळू विझणारा दिवा संचाला ‘दार अजून उघडेच आहे’ असे भासवतो. संकेत दाराच्या स्विचवरूनच घ्यावा.

ही तटबंदी अभेद्य नाही. उघड्या खिडकीतून हात घालून कोणी गिअरचा दांडा हलवला, तर एकही दार उघडत नाही. म्हणूनच कापडी टपाच्या किंवा उघड्या गाड्यांत मॅन्युअल रिमोट स्टार्टर बसवू नये, अशी सूचना उत्पादक देतात. झिजलेला किंवा गंजलेला दाराचा स्विचही पहारा निकामी करतो, आणि तो निकामी झाल्याचे बाहेरून दिसत नाही. वर्षाकाठी एकदा दार उघडून परवानगी रद्द होते का, हे प्रत्येक दारापाशी पाहणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

इमोबिलायझर

आधुनिक गाडीच्या किल्लीत एक चिप असते आणि तिची ओळख पटल्याखेरीज इंजिन पेटत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना आणि कॅनडात सप्टेंबर २००७ पासून असे इमोबिलायझर सक्तीचे आहेत. रिमोट स्टार्टरपाशी किल्ली नसल्यामुळे त्याला ही ओळख उसनी आणावी लागते. जुन्या पद्धतीत एक जादा किल्लीच डॅशबोर्डमागे लपवून ठेवत. नव्या पद्धतीत गाडीच्या संगणकाशी संवाद साधणारा स्वतंत्र जोडसंच वापरतात. पहिल्या पद्धतीत चोराला लागणारी अर्धी सामग्री गाडीतच ठेवली जाते, हा तिचा उघड दोष आहे.

रिमोटने सुरू झालेली गाडी पळवणे तरीही सहज नसते. किल्ली ‘ऑन’ नसताना ब्रेक दाबला की संच इंजिन बंद करतो, आणि किल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगचे कुलूपही लागलेलेच असते. मालक मात्र आत बसून आधी किल्ली ‘ऑन’ करतो, मग ब्रेक दाबतो. संच बाजूला होतो आणि इंजिन न थांबता ताबा किल्लीकडे येतो.

धोके व पर्याय

बंद गॅरेजमध्ये रिमोटने इंजिन सुरू करणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग व वास नसतो आणि तो घराला जोडलेल्या गॅरेजमधून खोल्यांत पसरतो. खिशातले बटण चुकून दाबले जाऊनही असे घडू शकते. त्यासाठी बहुतेक संच ठरावीक मिनिटांनी इंजिन आपोआप बंद करतात. पण लहान गॅरेजसाठी तेवढा वेळही पुरेसा धोकादायक असतो.

उतारावर हँडब्रेकवर विसंबून न राहता गाडी गिअरमध्ये उभी करावी, असे चालकांना शिकवले जाते, आणि रिमोट स्टार्टर नेमकी हीच सवय सोडायला लावतो. थंड प्रदेशात विरोध अधिक तीव्र होतो. ओलावा गोठून हँडब्रेकची केबल अडकते किंवा मागच्या चाकांचे ब्रेक जखडतात, म्हणून तेथील चालक हिवाळ्यात हँडब्रेक टाळून गाडी गिअरमध्ये ठेवतात. ज्या हवेत या यंत्रणेची गरज सर्वाधिक, त्याच हवेत तिची मुख्य अट पाळणे सर्वात कठीण असते. सपाट जागा आणि सुस्थितीतील हँडब्रेक नसेल, तर मॅन्युअल गाडीत ही यंत्रणा न बसवणेच योग्य.

कॅनडात विजेवर चालणारे ब्लॉक हीटर सर्रास वापरले जातात. ते इंजिनाचे शीतकद्रव्य गरम ठेवतात आणि इंजिन सुरू करावे लागत नाही. जर्मनीत गाडीच्याच टाकीतील थोडे इंधन स्वतंत्रपणे जाळणारे पार्किंग हीटर लोकप्रिय आहेत. उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास तेथील वाहतूक नियमांत मनाई असल्याने रिमोट स्टार्टरला फारसा वावही नाही. टोरांटो शहरात तासाभरात एका मिनिटापेक्षा अधिक काळ इंजिन नुसते चालू ठेवण्यास, काही अपवाद वगळता, बंदी आहे.

भारतातील स्थिती

भारतात या सोयीचे आकर्षण उन्हाळ्यापुरते आहे. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे स्टिअरिंग हाताला चटके देते, आणि वातानुकूलन आधी सुरू करता आले तर हायसे वाटते. त्याच वेळी भारतातील रस्त्यांवर मॅन्युअल गाड्या मोठ्या संख्येने आहेत. घाटात व डोंगरउताराच्या गावांत गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावण्याची रीत सार्वत्रिक आहे. परदेशातून आणलेला, ऑटोमॅटिक गाडीसाठी बनवलेला स्वस्त संच अशा गाडीत बसवल्यास वर वर्णिलेली कोणतीही परवानगीची पद्धत त्यात नसते. बटण दाबले की सेल्फ फिरतो, गिअर कोणताही असो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी उभ्या असलेल्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे. अन्यथा यंत्र बंद करून ब्रेक लावलेले असले पाहिजेत, किंवा वाहन चालकाच्या अनुपस्थितीत अपघाताने गतिमान होणार नाही अशी इतर व्यवस्था केलेली असली पाहिजे. रस्त्याच्या कडेला रिमोटने सुरू करून ठेवलेली, न्यूट्रलमध्ये केवळ हँडब्रेकवर उभी असलेली मॅन्युअल गाडी ही अट पूर्ण करते की नाही, हा प्रश्न उरतो. मालकीच्या आवारात हे कलम लागू नसले, तरी बाहेरून केलेल्या जोडणीमुळे वायरिंगवरील हमी नाकारण्याची अट अनेक उत्पादकांच्या हमीपत्रात असते. संच विकत घेण्यापूर्वी ती वाचून पाहणे आवश्यक आहे.